राखड लाइनची जमीन

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी शोध लावायला नको. गॅस बंद केला तरी उठून बघते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि कुठल्याही नव्या घरात गेले की आधी वाकून तळहात जमिनीला लावते. इंदूरला राजेंद्र नगरच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हाही लावला. तिसरा मजला. खाली दुसऱ्या मजल्याचं छत, त्याच्याखाली पहिल्याचं, तरी लावला. नवरा म्हणाला, "खालचे लोक भजी तळत असतील तर गरम लागेल बरं का." चेष्टा करायला त्याचं काय जातं.

मुलगी नोकरीसाठी हॉलंडला आहे. परवाच्या उन्हाळ्यात तिनं मोठ्या शहरातलं घर सोडलं आणि एका लहान गावात भाड्यानं घर घेतलं. पहिल्याच दिवशी फोनवर सगळं गाव दाखवलं. सरळ कालवा, कालव्याला लागून सरळ रस्ता, रस्त्याला लागून एका ओळीत घरं. गाव कसलं, पट्टी धरून मारलेली रेघ होती ती. कालव्याकाठी गावाचा इतिहास सांगणारा फलक होता, तो ती मला वाचून दाखवायला लागली. तिला पहिल्यापासून असल्या गोष्टींची आवड.

"आई, इथे आधी गावच नव्हतं. सगळी दलदल. हजारो वर्षांचं गवत आणि शेवाळ पाण्यात साचून त्याची काळी माती झालेली. तिला पीट म्हणतात. कापून वाळवली की लाकडासारखी जळते."

मग म्हणे शहरातल्या पैसेवाल्यांनी कालवे खणले, दलदलीतलं पाणी काढलं आणि चहूकडून गरीब माणसं आणली. ती माणसं ओल्या मातीच्या विटा कापत, रचून वाळवत, आणि त्याच कालव्यातून नावा भरून त्या विटा शहरातल्या चुलींकडे जात. कापणारे स्वतः त्याच मातीच्या खोपटांत राहात. कालवा जसा पुढे सरकला तशी घरांची ओळ पुढे सरकली, असं ते गाव झालं. पिढ्यान्‌पिढ्या खणत राहिले आणि जमीन खाली खाली जात राहिली. शेवटी माती संपली, दगडी कोळसा स्वस्त झाला, आणि माणसं आपणच खणलेल्या तळाशी रिकाम्या हातानं उभी राहिली. उरलेल्या वाळूत त्यांनी बटाटे लावले.

"म्हणजे बघ, पायाखालची जमीनच खणून जाळली यांनी," ती कौतुकानं म्हणाली.

बटाट्यांचं नाव निघालं तेव्हाच मी खुर्चीतून उठले होते. मी विचारलं, "ती माती आतल्या आत पेटते का गं?"

"हो, कोरडी पडली तर धुमसते म्हणे. वरून काही कळत नाही. पण आता इथे उरलीच कुठे? सगळी खणून झाली."

"तू जमिनीला हात लावून बघितलास?"

"लावला ना, आल्या आल्या. आजीसारखा नमस्कार केला. मस्त ठंडी आहे."

माझी आई रोज संध्याकाळी दिवा लावला की घरभर वाकून जागोजागी तळहात टेकायची. नातीला वाटायचं, आजी भुईला नमस्कार करते. मीही कधी तिचा गैरसमज दूर केला नाही. नमस्कार म्हणून शिकली तर निदान शिकली तरी, असं मला वाटायचं.

आमचं लहानपण इंदूरच्या मिल भागात गेलं. पणजोबा संस्थानच्या पागेत शिपाई होते. आजोबांच्या वेळेपर्यंत घोडे संपले होते आणि मिल उभी राहिली होती, तेव्हा आजोबा तिथल्या बॉयलरवर लागले आणि त्यांच्यामागून बाबा लागले. बॉयलरच्या भट्टीत फावड्यानं कोळसा घालणाऱ्याला फायरमन म्हणत. बाबांना त्याचा भारी ताठा होता. पागा गेली पण ऐट गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. ते म्हणायचे, "वर साहेब बसो की सेठ बसो, मिल चालते माझ्या फावड्यावर."

भट्टीतून रोज राखड निघायची. राखड म्हणजे दगडी कोळशाची राख, पण नुसती पिठासारखी नव्हे. तिच्यात अर्धे जळलेले कोळसे असायचे, वितळून दगड झालेले खडे असायचे. मिलच्या मागे नाल्याकडेला मोठा खोलगा होता, त्यात ही राखड वर्षानुवर्षं टाकत गेले. खोलगा भरला तेव्हा त्यावर माती पसरून कामगारांसाठी खोल्यांच्या ओळी बांधल्या. पुढची राखड जरा पलीकडे पडायला लागली आणि आमच्या मागच्या दाराशी तिची टेकडी झाली. सगळं शहर आमच्या वस्तीला राखड लाइन म्हणायचं. आमचे पांढरे मोजे कधी पांढरे राहिले नाहीत, एवढंच काय ते दुःख होतं.

मिल चालू होती तोवर मला त्या टेकडीची भीती वाटली नाही. ढकलगाडीतून वाफाळती राखड यायची, ओतली जायची, आणि बायका लगेच तिच्या कडेला पोचायच्या. शेजारच्या भाभींचं माहेर सांवेरकडचं. त्या तिथे कणकेच्या गोळ्यांचे बाफले भाजायला पुरायच्या. आम्ही रताळी पुरायचो. आग कुठे आहे आणि कुठे नाही हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. नव्या राखेत आग, जुन्या राखेत नाही.

आणि जुनी, थंड राख ही आमची कोठी होती. भाभींच्या भावाकडून पोतं भरून बटाटे यायचे, ते आई आणि भाभी मिळून आमच्या मागच्या दाराशी कोरड्या राखेत पुरून ठेवायच्या. राखेत बटाट्याला कोंब लवकर येत नाही, कीडही लागत नाही. लागतील तसे उकरून काढायचे. मिलच्या ओळींत सगळ्यांची हीच रीत होती.

मग एका सकाळी भोंगा वाजला नाही.

भोंग्यावर आमची घरं चालायची. भोंगा झाला की आई चहा टाकायची, भोंगा झाला की बाबांचा डबा भरायचा, भोंग्यावर मी शाळेला निघायची. त्या दिवशी आई भांडं हातात धरून चुलीपाशी नुसती उभी राहिली. गेटवर कागद लागला होता. लोक म्हणाले, महिन्याभरात उघडेल. मग म्हणाले, दिवाळीला उघडेल. शहरात तेव्हा सगळं नवंनवं येत होतं. पलीकडच्या कॉलनीत केबलच्या तारा लागत होत्या, पानाच्या टपऱ्यांवर परदेशी कोल्ड्रिंकच्या पाट्या चढत होत्या, देशाचा बाजार आता मोकळा झाला असं रेडिओ सांगत होता. आमच्या ओळीतून मिलची बिनधुराची चिमणी रोज आदल्या दिवशीपेक्षा स्वच्छ दिसायची.

बाबा दुसरीकडे कामाला जाईनात. तरणे लोक पीथमपूरच्या कारखान्यांकडे गेले, कुणी टेंपो चालवायला लागलं. बाबा म्हणाले, "भोंगा वाजला आणि फायरमन घरी नसला, तर? बॉयलर काय कोणीपण पेटवणार?" क्वार्टर सोडणं तर त्यांच्या मनातही येत नव्हतं. क्वार्टर सोडलं की आपण मिलचे उरलो नाही, एवढं त्यांना कळत होतं.

चूल तर पेटायला हवी. रॉकेलची रांग मैलभर. तेव्हा बायकांनी टेकडी खणायला घेतली. सळईनं उकरायचं, चाळणीत धरून हलवायचं, राख खाली पडायची आणि वर अर्धे जळलेले कोळसे राहायचे. ते सिगडीत छान धरत. बाबा, आजोबा आणि त्यांच्यासारखे सगळे जे जाळून गेले होते, त्यातलं उरलेलं आम्ही पुन्हा जाळत होतो. आधी वरवर खणलं. वरचं संपलं तसे खड्डे पडले, खड्ड्यांच्या पोटात शिरून बायका आडव्या खणायला लागल्या. टेकडी बाहेरून तशीच दिसायची, आत मात्र पोखरलेली. आई सगळ्यांत आत जायची, कारण ती अंगानं बारीक होती.

एका एकादशीला आईनं मला बटाटे आणायला पिटाळलं. मी मागच्या दाराशी बसून राखेत हात घातला. राख ऊबदार होती. मला वाटलं, उन्हानं. मग बटाटा हाताला लागला तो मऊ. सडला असेल म्हणून बाहेर काढला तर साल सुरकुतलेली आणि फोडला तर आतून वाफ निघाली. चांगला भाजला होता. मी सकाळपासून उपाशी होते, मी तो खाल्ला. मीठ नव्हतं तरी इतका गोड लागला की दुसरा काढला. दुसरा अर्धा खाऊन झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की हे बटाटे कुणी भाजले. तोंडात घास होता, तो मला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

फ्रॉकच्या ओच्यात बटाटे घेऊन मी घरात गेले. आईनं एक हातात घेतला, दाबला, आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठे भाजलेस?"

"मी नाही भाजले. असेच निघाले."

ती उठून मागच्या दाराशी गेली, कोपरापर्यंत हात राखेत घातला आणि झटकन बाहेर काढला. तिचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. घाबरलेली आई मुलीनं बघू नये. तिला बघून मला जी भीती बसली ती मग निघालीच नाही.

बाबांना बोलावलं. त्यांनी वरवर राख चाचपली आणि हसले. "कोणीतरी मस्करी केली. निखारे टाकले असतील आणून."

"कोण टाकणार? कुणाच्या घरी निखारे जास्त झालेत?" आई म्हणाली. "आत आग आहे."

"पागल झालीस का? बॉयलर बंद पडून किती दिवस झाले. नवी राखड पडली नाही. मग आग कुठून येणार? अगं, आगीला खायला द्यावं लागतं. फावड्यानं घातल्याशिवाय आग जगत नाही. मला शिकवू नको."

हीच चूक आमच्या ओळीत सगळ्यांनी केली. शहरातल्या दुसऱ्या कुणालाही गरम राख दिसली असती तर तो पळाला असता. आमची सगळी वस्ती बॉयलरवाल्यांची. आग म्हणजे माणूस भरवतो तेव्हा खाणारी आणि माणूस थांबला की मरणारी गोष्ट, हे त्यांनी दोन पिढ्या हातानं अनुभवलेलं. आम्ही खणून खणून टेकडीच्या पोटात वारा सोडला होता, आणि आत कोळसा होताच. या आगीला फायरमन लागत नव्हता, हे कुणाच्या डोक्यातच येईना.

भाभींनी वेगळंच काढलं. त्यांनी बटाटा कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "माताजी प्रगट हुई हैं. भूखों को खिला रही हैं." दुसऱ्या दिवशी खड्ड्याशी हळदकुंकू पडलं, नारळ फुटले, आणि आगीच्या डोक्यावर लोकांनी उदबत्त्या लावल्या. आईनं तिथे हात जोडले नाहीत. ती मला घेऊन बड्या गणपतीला गेली आणि तिथे बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस. म्हणाली, "मागितलं की, यांना आधी अक्कल दे. बाकी मग बघू."

त्यानंतर मला सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. थंडीच्या दिवसांत वस्तीतली सगळी मांजरं टेकडीच्या एकाच अंगाला जाऊन झोपायची. बाकी सगळीकडे दव असायचं, तिथे कोरडं. कडेच्या कडुनिंबाची एका बाजूची पानं करपली. पाऊस पडला की टेकडीतून पांढरी वाफ निघायची आणि जळक्या गंधकासारखा वास दारं लावली तरी घरात यायचा. मी जमिनीवर झोपेनाशी झाले. खाट एकच होती, तिच्यावर बाबा. मी आईच्या ट्रंकेवर पाय पोटाशी घेऊन झोपायची. मला वाटायचं, आपणही त्या बटाट्यांसारखे पुरलेले आहोत, आणि एके दिवशी कुणीतरी आपल्याला उकरून काढील.

आई तरी खणायला जातच होती. न जाऊन सांगते कुणाला? आगीची भीती आणि आगीवाचून घर चालेना. मी तिच्या पाठी लागले, रडले, जेवण टाकलं. शेवटी माझी समजूत म्हणून तिनं एक उपाय काढला. आपली जुनी नऊवारी घेतली, एक टोक कमरेला गाठ मारून बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"तू वर कडेला बस. मी आत जाते. चुपचाप धरून ठेव, बस."

रोज सकाळी उजाडल्यावर ती खड्ड्यात उतरायची. मी काठावर बसून साडी मुठींना गुंडाळून घ्यायची. आत वळण होतं, तिथून पुढे ती दिसायची नाही. मग साडी हलायची तेवढंच कळायचं. मधून मधून ती आतून विचारायची, "धरलीस ना?"

"धरली."

तिचा आवाज आला नाही की माझा जीव जायचा. मग मीच विचारायची, आणि ती हसून म्हणायची, "हो गं बाई, आहे मी." हे असं सगळा हिवाळा चाललं. मुली शाळेत लंगडी खेळायच्या. मी हाताचे तळवे बघत बसायची. साडीच्या काठाचे वळ त्यांच्यावर उठलेले असायचे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी आवाज काहीच झाला नाही. मला वाटलं होतं, धडाम होईल. पोतं टेकवल्यावर होतो तेवढाच आवाज आला. माझ्या समोरची राख जरा खाली बसली आणि साडी इतक्या जोरात ओढली गेली की मी पोटावर पडून काठापर्यंत घसरले. खालून गरम वारा तोंडावर आला. मी खाली बघितलं. आईच्या पायाखालची जमीन फुटली होती आणि ती मांड्यांपर्यंत आत गेली होती. तिच्याभोवती फटींमधून लाल दिसत होतं. दिवसाउजेडी, सूर्य वर असताना, जमिनीच्या आत लाल.

आई ओरडली नाही. माझ्याकडे बघून, रोज विचारायची त्याच आवाजात तिनं विचारलं, "धरलीस ना?"

मी "धरली" म्हटलं की नाही आठवत नाही. साडी मात्र सोडली नाही. मी ओढत होते आणि ओरडत होते. भाभी आधी आल्या, त्यांनी माझी कंबर धरली. मग बाबा धावत आले. त्यांनी साडी हातात घेतली आणि एका झटक्यात आईला वर काढलं. आयुष्यभर फावडं मारलेले हात होते ते. आईच्या चपलांचं रबर तळव्यांना चिकटलं होतं. मी ते बघितलं. त्याचं आणखी वर्णन मी करणार नाही.

ठेल्यावर घालून तिला दवाखान्यात नेलं. ठेला निघाला तेव्हा बाबा खड्ड्याच्या काठावरच उभे होते. भाभींनी हाक मारली, "भाई साब, चलो." ते हलेनात. त्यांची नजर त्या लाल फटीवर होती. मग माझ्याकडे वळून लहान पोरानं तक्रार करावी तसे म्हणाले, "कोणी घालत नव्हतं, तरी जळत होती." त्या दिवशी मला बाबांचा फार राग आला होता. आज त्यांची तेवढीच कीव येते. आपण असताना मिल बंद पडली, हे त्यांनी सोसलं होतं. आपल्यावाचून आग चालू राहिली, हे त्यांना सोसलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी भोंग्याचं नाव काढलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही क्वार्टर सोडलं आणि बड्या गणपतीपाशी एका खोलीत भाड्यानं राहायला आलो. बाबा एका पिठाच्या गिरणीत लागले. आई वाचली. जखमा भरल्या, ती हिंडायफिरायला लागली, पण तळव्यांतली जाणीव गेली ती गेलीच. गरम, थंड, ओलं, टोचलेलं, पायांना काहीच कळायचं नाही. पाय सांगत नाहीत म्हणून ती हातांना विचारायची. दिवेलागणीला घरभर फिरून, वाकून, तळहात टेकून जमीन थंड असल्याची खात्री करायची आणि मगच आम्हाला जेवायला बसवायची. इथे फ्लॅटमध्ये आमच्याकडे राहायला आली तरी तेच. शेवटी शेवटी वाकता येईना, तेव्हा मला म्हणायची, "तू बघ ना जरा." मी बघायची आणि सांगायची, "थंड आहे, आई." मग ती झोपायची.

राखड लाइन आता नाही. टेकडी यंत्रांनी उपसली म्हणतात, तिथे उंच इमारती झाल्या आहेत. माझी रिक्षा त्या रस्त्याला लागली तर मी ड्रायव्हरला वळायला लावते. तो म्हणतो, "दीदी, लंबा पड़ेगा." पडो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकाच्या गल्लीतूनही जात नाही.

हे सगळं मुलीला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ गेल्या महिन्यात आली. तिकडे थंडी सुरू झाली होती. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती खोलीच्या मधोमध अनवाणी, जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"आई, तुला एक मज्जा दाखवते. तू येशील ना, तेव्हा तुझे गुडघे अजिबात दुखणार नाहीत. हे बघ." आणि तिनं फोन खाली वळवून, आजीसारखा, तळहात फरशीवर टेकला. "फरशी गरम आहे. आतूनच."

मला वाटतं मी किंचाळले, कारण नवरा आतून धावत आला.

"उठ तिथून. पलंगावर चढ. आधी चढ, मग बोल."

"आई, अगं खाली पाइप आहेत, गरम पाण्याचे. सगळ्यांच्या घरी असतात इथे."

"चढ म्हणते ना."

ती चढली. पाय पोटाशी घेऊन बसली आणि मग मी तिला सगळं सांगितलं. बटाटे, मांजरं, साडी, लाल फट, आजीचे तळवे. मी थांबले तेव्हा ती पलंगाच्या कडेवरून खाली फरशीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला माझा त्या वेळचा चेहरा दिसला. हे मला नको होतं. दोन हजार कोस लांब, परक्या मुलखात, एकट्या पोरीच्या घरात मी ती आग नेऊन सोडली होती.

तिनं आपला तळहात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "आजी नमस्कार करत नव्हती तर."

"नाही."

"पाइपांचं बटन त्या पलीकडच्या भिंतीवर आहे. बंद करायचं तर चालत जावं लागेल." तिनं हसायचा प्रयत्न केला. "मला माहीत आहे गं पाइप आहेत. पण आता पाय खाली ठेववत नाही."

सगळं अंग म्हणत होतं, नको ठेवूस, तशीच बस, मी येते. पण मी येणार कशी, आणि किती दिवस बसणार ती पलंगावर? मी फोन दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"ठेव पाय," मी म्हटलं. "मी आहे इथे."

तिनं एक पाय खाली सोडला. टेकवायच्या आधी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"धरलंस ना, आई?"

"धरलं," मी म्हटलं, आणि ती चालायला लागली.